किमान किती नग? उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील जीन्स आणि छोट्या मागणीचा हिशेब

तयार कपड्यांच्या व्यवसायात दराची बोलणी सुरू होण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो असतो नगांच्या संख्येचा. ज्या संख्येपेक्षा कमी माल कारखानदार शिवून द्यायला तयार नसतो, तिला किमान मागणी-संख्या म्हणता येईल. बाजारात ती नुसती 'मिनिमम' म्हणून किंवा 'एमओक्यू' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. नवा विक्रेता पन्नास नग मागतो आणि कारखानदार पाचशेवर अडून बसतो, तेव्हा विक्रेत्याला तो आडमुठेपणा वाटतो. वास्तविक कारखानदाराच्या तोंडची ती संख्या बहुतेक वेळा त्याने एकट्याने ठरवलेली नसते. सूत रंगवणारी गिरणी, कापड विकणारा व्यापारी, कटिंगचे टेबल, शिलाईची यंत्रे, धुलाईचे पिंप, बटणाचा साचा या प्रत्येकाचे स्वतःचे एक 'मिनिमम' असते आणि त्यांच्यातील जे सर्वांत मोठे व टाळता न येणारे असेल ते अखेर साऱ्या साखळीवर लादले जाते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग पट्ट्यातील जीन्सउद्योग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण या साखळीचे लहान लहान तुकडे करून थोड्या नगांचा मालही परवडणाऱ्या दरात काढण्याची हातोटी येथे विकसित झाली. आणि ती हातोटी कोणाच्या खर्चाने चालली, याचे उत्तरही याच पट्ट्यातील गाळ्यांत आणि नदीपात्रात सापडते.

संख्येचे मूळ गणित साधे आहे. कोणत्याही नव्या नमुन्यासाठी पॅटर्न काढावा लागतो, सॅम्पल शिवून पसंत करून घ्यावे लागते, यंत्रांवरचा धागा आणि जोडण्या बदलाव्या लागतात, धुलाईची कृती ठरवावी लागते. आणि हा खर्च एका नगासाठी जेवढा, तेवढाच हजार नगांसाठी होतो. समजा, हा पूर्वतयारीचा खर्च बारा हजार रुपये आहे. पन्नास नगांवर तो वाटला तर प्रत्येक जीन्सवर २४० रुपये चढतात, पाचशे नगांवर २४ रुपये आणि हजारांवर केवळ १२ रुपये. पाचशेवरून हजारावर गेल्याने नगामागे बाराच रुपये वाचतात, परंतु पाचशेवरून पन्नासवर उतरताना दोनशे सोळा रुपयांचा बोजा वाढतो. कारखानदार खालच्या टोकाला इतका ताठर आणि वरच्या टोकाला इतका सैल का असतो, ते या उतरंडीवरून समजते. अमेरिकेत फोर्ड हॅरिस या अभियंत्याने १९१३ मध्ये याच प्रश्नाला सूत्राचे रूप दिले होते. एका वेळी मोठा माल काढला तर पूर्वतयारीचा खर्च वाटला जातो, पण न विकलेल्या मालात पैसा अडकतो. लहान माल काढला तर नेमके उलटे घडते. आणि या दोन खर्चांचा मेळ जिथे बसतो ती संख्या हॅरिसने शोधली. तयार कपड्यांत मात्र अडचण अशी की पूर्वतयारीचा भार कारखानदाराला जाणवतो आणि पडून राहिलेल्या मालाचा भार विक्रेत्याला, त्यामुळे दोघांच्या सोयीच्या संख्या सहसा जुळत नाहीत.

जीन्सच्या बाबतीत ही साखळी गिरणीपासून सुरू होते. डेनिममध्ये उभे सूत निळीत रंगवलेले आणि आडवे सूत बहुधा पांढरे असते. नीळ पाण्यात विरघळत नाही. अल्कलीयुक्त द्रावणात रासायनिक क्रियेने तिला विद्राव्य रूप द्यावे लागते, त्यात सूत बुडवून बाहेर काढले की हवेतील प्राणवायूने ती पुन्हा अविद्राव्य होऊन सुतावर बसते, आणि हवी ती गडद छटा येईपर्यंत ही बुडी अनेकदा द्यावी लागते. रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणूनच पुढे धुलाईत वरचा थर झिजला की आतला पांढरेपणा दिसू लागतो आणि जीन्सला तिचे ओळखीचे रूप येते. शेकडो धाग्यांचे दोर करून ते ओळीने मांडलेल्या कुंडांतून सलग ओढण्याची पद्धत मोठ्या गिरण्यांत आहे. ही यंत्रणा एकदा सुरू झाली की कुंडातील द्रावणाचा समतोल बसून छटा स्थिर होईपर्यंतच बरेच सूत खर्ची पडते, त्यामुळे खास एका ग्राहकासाठी नवी छटा काढायची तर गिरणी हजारो मीटरांखाली बोलत नाही. एका जीन्सला सरासरी सव्वा मीटर कापड धरले तर पाच हजार मीटरांची मागणी म्हणजे चार हजार जीन्स. साखळीतले हे सर्वांत मोठे 'मिनिमम' होय.

उल्हासनगरच्या बहुतेक कारखानदारांनी ही भिंत ओलांडण्याचा प्रयत्नच केला नाही. ते तिला वळसा घालून गेले. गिरणीला छटा सांगण्याऐवजी गिरणीने आधीच काढलेले कापड व्यापाऱ्याकडून ताक्यांच्या हिशेबाने घ्यायचे, असा तो मार्ग आहे. साधारण शंभर मीटरांच्या ताक्यात ऐंशीच्या आसपास जीन्स बसतात. त्याखेरीज निर्यातदारांकडे उरलेला स्टॉक लॉट, गिरणीत किरकोळ दोषामुळे बाजूला काढलेले 'सेकंड' कापड, तुकड्यांचा माल असे आणखी स्वस्त आणि आणखी लहान प्रमाणात मिळणारे कापड असतेच. कापडाचा घाऊक व्यापारी म्हणजे मधला दलाल आणि दलाल म्हणजे अकारण खाल्लेला नफा, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे; परंतु गिरणीचे हजारो मीटर फोडून ते शंभर मीटरांत देणे आणि मधल्या काळात न खपलेल्या छटांचा धोका पत्करणे ही खरीखुरी सेवा आहे, तिच्यावाचून लहान कारखाना उभाच राहू शकत नाही. या सोयीची किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते. तीच छटा पुन्हा मिळेल याची हमी नसते, म्हणून पहिला माल हातोहात खपला तरी तस्साच दुसरा माल काढता येईलच असे नाही.

याच भिंतीला गिरणीच्या बाजूने पाडण्याचा एक प्रयोग १९९५ मध्ये अहमदाबादच्या अरविंद मिल्सने केला होता. 'रफ अँड टफ' या नावाने कापड, चेन, बटण, रिव्हेट आणि बिल्ला असा न शिवलेल्या जीन्सचा संच विक्रीला आला आणि शिवण्याचे काम गल्लोगल्लीच्या शिंप्यावर सोपवले गेले. उत्पादनाच्या दृष्टीने पाहता हा प्रयोग फार मोलाचा होता, कारण गिरणीचे प्रचंड प्रमाण तसेच ठेवून शिलाईचे किमान प्रमाण त्याने एका नगावर आणले.

सेवा आणि व्यापार यांवर उभ्या राहिलेल्या उल्हासनगरला लहान प्रमाणाची सवय जन्मापासूनच होती. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी उभारलेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार, दुकाने आणि भांडवल मागे टाकून आलेल्या लोकांकडे मोठा कारखाना काढण्याइतका पैसा नव्हता. बरॅकीतील एक-दोन खोल्यांत राहणे आणि धंदा करणे दोन्ही साधावे लागे. कापडाच्या व्यापारासाठी गजानन मार्केट आणि जपानी बाजार नावारूपाला आले, तर जीन्सची शिलाई मुख्यतः कॅम्प चार आणि पाच या भागांत एकवटली. आजही त्या कामाचा मोठा भाग लहान गाळ्यांतून होतो आणि शिलाईवर उत्तर भारतातून आलेले कारागीर मोठ्या संख्येने असतात. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात एकाच धंद्यातील लहान उद्योग एका जागी दाटीने वसले की त्यांना मोठ्या कारखान्याचे कोणते फायदे मिळतात, याचे विवेचन केले होते. कॅम्प पाचमधल्या एका गल्लीत कापणारा, शिवणारा, काज पाडणारा, धागे कापणारा आणि घडी घालणारा असे वेगवेगळे गाळे शेजारी शेजारी असणे हे त्या विवेचनाचे चालते-बोलते उदाहरण आहे. काज पाडण्याचे यंत्र स्वतः घ्यायचे तर ते सतत चालेल इतका माल हवा. तेच काम शेजारच्या गाळ्यात नगावर करून मिळत असेल तर पन्नास नगांचा धनीही निर्धास्त राहू शकतो.

कटिंगच्या टेबलावर संख्येचा प्रश्न अधिक काटेकोर होतो. जीन्सचे सर्व भाग कापडावर कमीत कमी वाया जाईल अशा रीतीने आखले जातात. या आखणीला मार्कर म्हणतात. घाऊक बाजारात जीन्स सुटी विकली जात नाही, ती 'सेट'ने जाते, म्हणजे २८ ते ३६ कमरेच्या मापांचा ठरावीक प्रमाणातला गठ्ठा घ्यावा लागतो. समजा, २८ ची एक, ३०, ३२ आणि ३४ च्या प्रत्येकी दोन आणि ३६ ची एक असा आठ नगांचा मार्कर आखला, तर मोठ्या मापाच्या पायांमधील फटींत लहान मापाचे खिसे आणि पट्ट्या बसवता येतात आणि कापड वाचते. अशा मार्करला दहा मीटरांच्या आसपास लांबीचे टेबल लागते. त्यावर कापडाचे पन्नास थर अंथरून विजेच्या उभ्या पात्याने कापले की एका कटिंगमध्ये चारशे नग निघतात. मास्टरला अंथरण्याचे आणि आखण्याचे कष्ट पन्नास थरांसाठी आणि सहा थरांसाठी फारसे वेगळे पडत नाहीत, म्हणून अठ्ठेचाळीस नगांची मागणी त्याच्या दृष्टीने जवळजवळ चारशेंइतकीच दमवणारी असते. जागा लहान असली की टेबल आखूड होते, आखूड टेबलावर मार्करमध्ये कमी नग बसतात आणि प्रत्येक नगामागे वाया जाणारे कापड वाढते. छोट्या गाळ्याची ही किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. त्यातच निरनिराळ्या ताक्यांच्या छटांत सूक्ष्म फरक असल्यामुळे एका जीन्सचे सर्व भाग एकाच थरातले असावे लागतात. त्यासाठी प्रत्येक थराला क्रमांक देऊन बंडले बांधली जातात. थोड्या थोड्या नगांच्या अनेक मागण्या एकाच वेळी गाळ्यात आल्या की या बंडलांची सरमिसळ होण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो.

शिलाईत लहान मागणीचा भार माणसावर पडतो. विमाननिर्मितीतील अनुभवावरून टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये असा नियम मांडला की एकूण नगांची संख्या दुप्पट झाली की नगामागे लागणारे सरासरी श्रम मूळच्या सुमारे ऐंशी टक्क्यांवर येतात. शिलाईत प्रमाण हेच राहील असे नाही, परंतु दिशा तीच असते. मागचा योक, चेनपट्टी, खिसा, आतली शिवण, कमरपट्टा, लूप, पायाची दुमड अशी कामे कारागिरांत वाटलेली असतात आणि नव्या नमुन्याचा वेग हाताला येईपर्यंत काही तास, कधी एखादा दिवस जातो. मासिक पगाराच्या कारखान्यात हा हळू चालणारा काळ मालकाच्या खात्यावर पडतो. नगावर मजुरी असलेल्या पद्धतीत मात्र तो कारागिराच्या कमाईतून वजा होतो, कारण पहिल्या पंचवीस नगांना आणि शेवटच्या पंचवीस नगांना दर एकच मिळतो. पाचशे नगांच्या कामात सुरुवातीचे नुकसान पुढे भरून निघते. पन्नास नगांच्या कामात हाताला वेग येईपर्यंत कामच संपते. उल्हासनगरचा कारखानदार लहान मागणी स्वीकारू शकतो याचे एक मोठे कारण हे आहे, आणि ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण 'लवचीक उत्पादन' या गोंडस संज्ञेखाली हा भार उचलणारा कारागीर दिसेनासा होतो.

गाळे लहान राहण्यामागे कायद्यातील संख्यांचाही हात आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याची मूळ तरतूद विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा अधिक कामगार असणाऱ्या जागेला लागू होती. भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ चा कायदा वीस कामगारांपासून लागू होत आला. कामाची वाटणी ठेकेदारांत आणि गाळ्यांत केली की यांतील प्रत्येक मर्यादेखाली राहता येते. त्यात भर म्हणून दीर्घकाळ तयार कपड्यांची निर्मिती लघुउद्योगांसाठी राखीव होती आणि हे आरक्षण उठवण्याची दिशा २००० च्या राष्ट्रीय वस्त्रधोरणाने दिली. तोपर्यंत देशभरातील शिलाईउद्योगाची घडण छोट्या घटकांच्या साच्यात झालेली होती. पैशाची देवाणघेवाणही याच साच्यात अडकली. सूक्ष्म व लघुउद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे आणि थकवलेल्या रकमेची प्राप्तिकरातील वजावट रोखणारे कलम १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले. परंतु त्याचा आधार घेण्यासाठी उद्योग म्हणून नोंदणी असावी लागते, आणि नुसते काज पाडणारा किंवा धागे कापून घेणारा गाळेधारक त्या नोंदणीपर्यंत अनेकदा पोहोचलेला नसतो.

आता धुलाई. कोरी शिवलेली जीन्स कडक आणि एकसारखी निळी असते. बाजारात तिला किंमत येते ती धुलाईने. दिवाळीच्या फराळात कढईत एका वेळी जेवढ्या चकल्या मावतात तेवढ्यांचा घाणा निघतो. धुलाईचे पिंपही तसेच घाण्याने चालते. सुमारे ६५० ग्रॅम वजनाची एक जीन्स धरली तर शंभर किलोच्या यंत्रात दीडशेच्या आसपास नग जातात. कपड्याच्या वजनाच्या दहापट पाणी धरले तर एका पाण्याला हजार लिटर लागतात. खळ काढणे, एन्झाइम किंवा प्युमिस दगडांनी घासणे, ब्लीच, त्याचा परिणाम थांबवणे, खळबळणे आणि शेवटी मऊपणा आणणे अशी सहा-सात पाणी लागली तर सात हजार लिटर होतात, म्हणजे नगामागे पंचेचाळीस लिटरांहून अधिक. आता यंत्रात निम्मेच नग टाकले, तर दगड आणि कपड्यांचे एकमेकांवर घासणे बदलते, म्हणून छटाही बदलते. आणि पाण्याची पातळी तशीच ठेवावी लागली तर नगामागचे पाणी जवळजवळ दुप्पट होते. वेगळ्या छटेचा माल त्याच घाण्यात मिसळावा तर सुटलेली नीळ फिक्या कपड्यावर बसते. थोडक्यात, धुलाईचे 'मिनिमम' मोडून घेतलेला लहान माल नदीला तुलनेने अधिक महाग पडतो. संख्येच्या बोलणीत न येणारा हा हिशेब या पट्ट्यात दृश्य रूपाने वाहत राहिला.

अंबरनाथच्या परिसरातील टेकड्यांतून निघणारी वालधुनी नदी शके ९८२ च्या शिलालेखाने प्रसिद्ध असलेल्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरच्या दाट वस्तीत शिरते. तिच्या दुर्दशेचे खापर एकट्या जीन्सवर फोडणे अन्यायाचे ठरेल. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील रासायनिक सांडपाणी आणि शहरांचे न शुद्ध केलेले मैलापाणी यांचा वाटा मोठा आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस नदीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले, त्या घटनेचा जीन्सधुलाईशी संबंध नव्हता. तरीही धुलाईच्या कारखान्यांतून थेट नाल्यात जाणारे निळे पाणी ही वस्तुस्थिती होती. 'वनशक्ती' या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, २०१५ मध्ये लवादाने सामुदायिक प्रक्रिया केंद्रांवर आणि स्थानिक स्वराज्य संस्थांवर भरपाईची जबाबदारी टाकली आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतरच्या काळात उल्हासनगरमधील जीन्सधुलाईच्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली आणि काही धुलाई अंबरनाथ, बदलापूर आणि त्यापलीकडच्या ग्रामीण भागात सरकली.

या स्थलांतराने साखळीचा समतोल बिघडला. धुलाई गल्लीच्या टोकाला असताना साठ नग हातगाडीवर पाठवून दुसऱ्या कोणाच्या घाण्यात सामावून घेता येत. धुलाई काही कोस दूर गेली की टेम्पोचे भाडे भरून निघेल इतका माल साठेपर्यंत थांबणे भाग पडते. म्हणजे कटिंगच्या किंवा शिलाईच्या तंत्रात काहीही बदल न होता कारखानदाराची किमान संख्या वाढते. नेमक्या याच काळात ऑनलाइन विक्रेत्यांकडून थोड्या नगांच्या आणि सतत बदलत्या नमुन्यांच्या मागण्या वाढू लागल्या आहेत. ज्या बाजाराला उल्हासनगरच्या जुन्या गुणाची सर्वाधिक गरज आहे, त्या बाजाराच्या आगमनाच्या वेळीच तो गुण टिकवणे अवघड झाले आहे. सोलापूरच्या गणवेश उद्योगाला ही ओढाताण कमी सोसावी लागते, कारण शाळेचा गणवेश वर्षानुवर्षे तोच राहतो आणि मागणीचा हंगामही ठाऊक असतो. कर्नाटकातील बळ्ळारीच्या जीन्सउद्योगाला मात्र धुलाईच्या पाण्याचा हाच प्रश्न भेडसावत आहे.

धुलाई एकत्र आणून सामुदायिक शुद्धीकरण केंद्राला जोडणे, हा उपाय सर्वांच्या तोंडी असतो आणि तो योग्यही आहे. फक्त त्या केंद्राचेही एक 'मिनिमम' असते, हे ध्यानात घेतले जात नाही. नीळ आणि दगडांचा चुरा रासायनिक क्रियेने खाली बसवता येतो, पण पुढच्या टाक्यांत सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू पोसावे लागतात आणि त्यांना रोज साधारण सारख्याच प्रमाणात सांडपाणी मिळावे लागते. सणापूर्वी तीन पाळ्या आणि पावसाळ्यात शुकशुकाट, अशा चालीच्या धंद्यात ते केंद्र कधी उपाशी तर कधी अजीर्णाने ग्रासलेले राहते. त्यासाठी येणारे पाणी साठवून सारख्या वेगाने सोडणाऱ्या पुरेशा मोठ्या टाक्या, प्रत्येक धुलाईकडच्या पाण्याचे मीटर आणि नगाऐवजी लिटरावर आकारलेले शुल्क लागेल. शुल्क लिटरावर आले की अर्धा भरलेला घाणा किती महाग आहे ते धुलाईवाल्याला प्रथमच रुपयांत दिसेल. तो छोट्या मागण्यांचा वेगळा दर लावील किंवा सारख्या छटांचा माल ठरावीक वारी एकत्र धुण्याची सोय करील आणि पन्नास जीन्स मागणाऱ्या विक्रेत्याला आजवर कारागिराने आणि वालधुनीने भरलेली रक्कम दरपत्रकात वाचावी लागेल. ती रक्कम फार मोठी असेल असे मानण्याचे कारण नाही. नगामागे पन्नास-शंभर लिटर पाणी शुद्ध करण्याचा खर्च जीन्सच्या किरकोळ किमतीच्या मानाने लहानच राहील. शिलाईसाठीही असाच वेगळा दर हवा. नव्या नमुन्याच्या पहिल्या दिवसाची मजुरी नगावर न देता दिवसावर द्यावी, आणि तो खर्च पॅटर्न व सॅम्पलच्या खर्चाशेजारी, पूर्वतयारीच्या रकान्यात मांडावा.